ब्लॉगवरच्या लिंकमधून कमिशन कसं मिळतं: कोकणातून लिहिणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात मालवण-वेंगुर्ल्याकडे कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी धरते. समजा, ती कशी टाळावी हे कुणी ब्लॉगवर नीट लिहिलं. डबा हवाबंद हवा, आत सिलिका जेल हवी, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहायला हवी आणि ती मोजायला छोटा आर्द्रतामापक हवा, असं सांगून त्या मापकाची लिंक दिली. वाचकाने त्या लिंकवरून मापक घेतला की दुकान लेखकाला विक्रीतला ठरलेला हिस्सा देतं. अॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे एवढंच. वाचकाला वस्तू तेवढ्याच किमतीत पडते आणि लेखकाचा हिस्सा दुकान आपल्या पैशातून देतं. अॅमेझॉनने ही योजना १९९६ साली सुरू केली. आज भारतात अॅमेझॉनखेरीज फ्लिपकार्ट, हॉटेल बुकिंगच्या साइट, ब्लॉगला इंटरनेटवर जागा देणाऱ्या वेब होस्टिंगवाल्या कंपन्या आणि अनेक दुकानांच्या योजना एकाच खात्यात आणून देणाऱ्या क्यूलिंक्स, अर्नकरोसारख्या मधल्या संस्थाही हे काम करतात.

व्यवहार सोपा आहे, तरी त्यातून नियमित पैसे मिळणं सोपं नाही. बहुतेकांचं अडतं ते दोन ठिकाणी. लिंक दाबल्यावर पुढे काय होतं हे त्यांना ठाऊक नसतं, आणि वाचक नेमका कशावरून निर्णय घेतो याचा त्यांनी विचार केलेला नसतो.

लिंक दाबल्यावर काय होतं

योजनेत नाव नोंदवलं की तुम्हाला एक ओळखखूण मिळते. वस्तूच्या वेब पत्त्याच्या शेवटी ती जोडलेली असते. अॅमेझॉनच्या भारतीय खात्यांत अशा खुणेच्या शेवटी २१ हा आकडा दिसतो. वाचकाने लिंक दाबली की त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची छोटी नोंद बसते आणि हा गिऱ्हाईक कुणाकडून आला हे दुकानाला कळतं. ही नोंद किती काळ टिकते ते योजनेवर अवलंबून असतं. अॅमेझॉनवर २४ तास मिळतात. त्या वेळात वाचकाने वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवली, तर खरेदी पुढे काही आठवड्यांनी झाली तरी ती धरली जाते. होस्टिंग कंपन्यांकडे हीच मुदत बऱ्याचदा ३० दिवस किंवा त्याहून जास्त असते.

त्या २४ तासांत वाचकाने घेतलेल्या दुसऱ्या वस्तूंवरही सहसा कमिशन मिळतं. तुम्ही आर्द्रतामापकाची लिंक दिली आणि वाचकाने सोबत छत्री घेतली, तर छत्रीचाही हिस्सा येतो, फक्त दर छत्रीच्या गटाचा लागतो. दर वस्तूगणिक वेगळे असतात. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर ते फार कमी असतात, स्वयंपाकघरातल्या, घरगुती आणि कपड्यांच्या वस्तूंवर त्या मानाने बरे. ते बदलतही राहतात, म्हणून लेख लिहिण्याआधी खात्यातला चालू तक्ता पाहावा. कमिशन मोजताना जीएसटी आणि पाठवणीचा खर्च धरत नाहीत.

पैसे लगेच मिळत नाहीत. आधी वस्तू पोचावी लागते, मग परत करण्याची मुदत संपावी लागते. अॅमेझॉनवर महिना संपल्यापासून साधारण दोन महिन्यांनी रक्कम बँकेत जमा होते. मे महिन्यातल्या विक्रीचे पैसे जुलैअखेरीस आले, तर काही बिघडलेलं नाही.

नोंद कुठे हरवते

लिंक दाबल्या गेल्या, विक्री मात्र शून्य, ही तक्रार नेहमीची आहे. वाचकाने तुमची लिंक दाबली आणि नंतर एखाद्या कूपनच्या साइटवरून पुन्हा दुकानात गेला, तर श्रेय बहुतेक ठिकाणी शेवटच्या लिंकला जातं. वाचकाने मोबाइलवर तुमचा लेख वाचला आणि रात्री घरच्या संगणकावर वस्तूचं नाव टाइप करून ती घेतली, तर तुमची नोंद तिथे नसतेच. जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर कधी कधी अॅफिलिएट लिंकही अडवतं. व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवताना लिंक अर्धवट कॉपी झाली, तर ओळखखूण तिच्यातून गळून पडते. म्हणून लिंक हाताने जोडून तयार करू नये, खात्यातल्या साधनानेच बनवावी. लेख छापल्यावर ती स्वतःच्या फोनवर एकदा उघडून पत्त्यात खूण दिसते का तेही पाहावं.

पाहण्यासाठी उघडावी, विकत घेण्यासाठी नव्हे. स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेल्या खरेदीवर कमिशन मिळत नाही. घरच्यांना सांगून खरेदी करवणंही नियमाबाहेर आहे आणि त्यावरून खाती बंद होतात. अॅमेझॉनवर नव्या खात्याला पहिल्या १८० दिवसांत किमान ३ पात्र विक्री दाखवाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं आणि पुन्हा अर्ज करावा लागतो. म्हणून ब्लॉग सुरू केला त्याच दिवशी नाव नोंदवण्याची घाई करू नये. स्वतः लिहिलेले दहा-बारा चांगले लेख हाताशी असावेत आणि शोधातून थोडे वाचक येऊ लागलेले असावेत, मग अर्ज करावा. ज्या जागी लिंक टाकणार त्या सगळ्या, म्हणजे ब्लॉग, यूट्यूब चॅनल, फेसबुक पान, खात्यात नोंदवाव्या लागतात.

वस्तूची किंमत लेखात आकड्याने लिहू नये, हाही नियम अनेकांच्या नजरेतून सुटतो. किंमत दिवसातून दोनदाही बदलते. तुम्ही ₹७९९ लिहिलं आणि वाचकाला तिथे ₹१,०४९ दिसले, तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास तिथेच संपतो. 'हजाराच्या आत-बाहेर' एवढं पुरतं.

हिशोब मांडून पाहू

एक लेख महिन्याला १,००० जणांनी वाचला असं धरू. त्यातल्या १०० जणांनी लिंक दाबली, ५ जणांनी वस्तू घेतली. सरासरी किंमत ₹१,२०० आणि कमिशन ५ टक्के धरलं, तर एका विक्रीचे ₹६०, पाचांचे ₹३००. त्यातली एक वस्तू परत गेली की उरले ₹२४०. हे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुमचे वेगळे निघतील. पण गणित असंच चालतं, आणि एका लेखावर घर का चालत नाही हे त्यातून दिसतं. असे चाळीस लेख असतील तर चित्र बदलतं.

वाचक दुप्पट करायला वर्ष लागू शकतं. पण हजारातल्या ५ ऐवजी १० जणांनी वस्तू घ्यावी एवढा उपयोगी लेख लिहिणं तुमच्या हातात आहे. आणि या बाबतीत कोकणात राहणाऱ्याकडे अशी माहिती असते, जी मुंबई-पुण्यात बसून 'टॉप टेन' याद्या लिहिणाऱ्याकडे नसते.

खारी हवा, लाल चिखल, गेलेली वीज

वाचक लेखावरून वस्तू घेतो, कारण त्याची अडचण लिहिणाऱ्याला कळली आहे असं त्याला जाणवतं. किनाऱ्यालगतच्या घरात लोखंड, पितळ, इलेक्ट्रॉनिक वस्तू लवकर खराब होतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यावर काय घ्यावं हे थोडेच सांगतात. उदाहरणार्थ, खुल्या गच्चीवर कपडे वाळत घालायचा स्टँड. बाजारात बहुतेक स्टँड ३०४ दर्जाच्या स्टीलचे किंवा त्याहून हलके असतात. समुद्राच्या हवेतल्या क्षारांमुळे ३०४ वरही काही महिन्यांत तपकिरी डाग दिसू लागतात. ३१६ दर्जाच्या स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते क्षारापुढे जास्त टिकतं, पण महाग पडतं. मग देवबागच्या वाळूवरच्या घराला ३१६ घ्यावं, समुद्रापासून बऱ्याच आत असलेल्या कुडाळच्या घराला ३०४ चालेल आणि दोन्हीकडे आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसावं, असं स्पष्ट लिहिलेला परिच्छेद विक्री करतो. 'उत्तम दर्जाचं, टिकाऊ' हे शब्द करत नाहीत.

तसंच विजेचं. जून-जुलैत वीज तासन्तास जाते आणि घरून काम करणाऱ्यांचं वायफाय बंद पडतं. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, पण घेताना लोक चुकतात. काही राउटर १२ व्होल्टवर चालतात, काही ९ वर. अॅडाप्टरवर आउटपुट काय छापलंय ते पाहावं, पिनची जाडी जुळते का तेही पाहावं. फायबरची जोडणी असेल तर भिंतीवरचा मोडेम आणि राउटर वेगळे आहेत का ते बघावं. दोन डबे असतील तर दोन आउटपुटचा यूपीएस लागतो. हे चार मुद्दे फोटोंसह लिहिले की वाचकाला योग्य वस्तू मिळते, ती परत जात नाही आणि तुमचं कमिशन टिकतं. वस्तू परत जाते ती पुष्कळदा खराब मालामुळे नव्हे, तर चुकीच्या निवडीमुळे. हे ध्यानात आलं की लेख कसा लिहायचा तेही कळतं.

घावणे-आंबोळीचा बिडाचा तवा हा आणखी एक चांगला विषय. कच्चा तवा आणि तेल मुरवून तयार केलेला तवा यांत फरक काय, पहिल्या वेळी तो कसा तयार करायचा, घावणा का चिकटतो, गॅसच्या शेगडीवर किती वजनाचा तवा सांभाळता येतो, इंडक्शनवर सपाट बूड का लागतं, हे प्रश्न लोक खरोखर शोधतात. रोमन लिपीत आणि देवनागरीतही शोधतात, म्हणून लेखाच्या पत्त्यात आणि फोटोच्या नावात रोमन लिपी ठेवली तर हरकत नाही. मथळा आणि मजकूर मात्र मराठीतच ठेवावा.

आणि जिथे लिंकवरून घेऊ नये, तिथे तसंच लिहावं. इन्व्हर्टरची बॅटरी ऑनलाइन स्वस्त दिसते, पण वॉरंटीत ती बदलून घ्यायची वेळ आली की तालुक्याच्या दुकानातून घेतलेलीच सोयीची पडते. त्या लेखात कमिशन मिळणार नाही. पण वाचकाला हे सांगणारा लेखक पुढच्या वेळी सांगेल ते वाचक ऐकतो.

पर्यटन आणि हापूस: कुकीशिवायचं कमिशन

कोकणावर लिहिणाऱ्यांना पहिला मोह होतो तो हॉटेल बुकिंगच्या लिंकचा. तिथे एक अडचण आहे. बुकिंग साइटचं कमिशन पाहुणा राहून गेल्यावर पक्कं होतं, रद्द झालं तर नाही. शिवाय तारकर्ली, आचरा, गुहागर, दापोली या भागांतली कितीतरी घरगुती निवासं अशा साइटवर नाहीतच. त्यांचं बुकिंग फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर होतं.

त्यांच्याशी थेट ठरवता येतं आणि तंत्रज्ञान जवळजवळ लागत नाही. तुमच्या वाचकांसाठी एक शब्द ठरवा. बुकिंग करताना पाहुण्याने तो सांगितला की मालक वहीत नोंद करतो. पाहुण्याला काहीतरी छोटा फायदा असायलाच हवा, एखादी न्याहारी किंवा थोडी सूट, नाहीतर तो शब्द कुणी सांगत नाही. कमिशन टक्क्यात ठरवण्यापेक्षा मुक्कामामागे ठरावीक रक्कम ठरवलेली बरी, म्हणजे बिल किती झालं हे मालकाला सांगावं लागत नाही. महिनाअखेरीस वहीशी तुमची यादी ताडून पैसे यूपीआयने घ्यावेत. दर, मुदत, रद्द झालेल्या बुकिंगचं काय, हे सगळं व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून ठेवावं. गावात ओळखीवर चालतं म्हणून तोंडी ठरवलेलं पहिल्याच सीझनमध्ये वादात सापडतं.

निवासांबद्दल लिहिताना तारखा तपासाव्यात. किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. जुलैत आलेला पाहुणा तुमचा लेख वाचून स्कूबा करायला किनाऱ्यावर पोचला आणि सगळं बंद दिसलं, तर त्याचं रागाचं परीक्षण त्या बिचाऱ्या घरमालकाच्या नावावर पडतं.

हापूसचंही असंच करता येतं, पण जोखीम जास्त आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं) मिळालं आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे येतात. ज्या बागायतदाराची लिंक किंवा शब्द देणार, तो मानांकनाचा नोंदणीकृत वापरकर्ता आहे का, हे विचारून त्याचं प्रमाणपत्र पाहावं. मग पेटीमागे कमिशन ठरवताना साक्याचा, म्हणजे गर आतून खराब निघण्याचा, प्रश्न मिटवून घ्यावा. वरून उत्तम दिसणाऱ्या आंब्यात आत साका निघू शकतो आणि तो कापल्याशिवाय कळत नाही. खराब फळाची भरपाई बागायतदार कशी देणार, किती दिवसांत आणि कशाच्या पुराव्यावर, हे लेखातच लिहिलं पाहिजे. पेटीत किती डझन, फळाचं सरासरी वजन किती, कच्चा पाठवणार की पिकवून, हेही लिहावं. कमिशन पेटी पोचून आठवडा उलटल्यावर धरावं. आंब्याच्या बाबतीत वाचक पहिल्यांदा तुम्हालाच विचारतो, बागायतदाराला नंतर. काजूगर, आमसुलं, सावंतवाडीची लाकडी खेळणी यांत हा धोका फार कमी आहे आणि वर्षभर पाठवता येतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी तिथे हात बसवावा.

उघडपणे सांगणं कायद्याने लागतं

लिंकमधून पैसे मिळतात हे वाचकाला लेखाच्या सुरुवातीलाच सांगावं लागतं. तळाशी बारीक अक्षरात दिलेलं चालत नाही. जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सर नियमावली जून २०२१ पासून लागू आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीचे नियम जून २०२२ मध्ये काढले. लेख ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा, अशी अपेक्षा आहे. तेव्हा मराठी लेखावर इंग्रजी वाक्य चिकटवून भागत नाही. असं लिहिता येईल: 'या लेखातल्या काही लिंकवरून खरेदी झाल्यास मला कमिशन मिळतं. तुम्हाला त्यामुळे जास्त पैसे पडत नाहीत.' अॅमेझॉनला स्वतःचं ठरावीक वाक्यही हवं असतं, ते वेगळं ठेवावं. दिशाभूल केल्याचं सिद्ध झालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दंड ₹१० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ₹५० लाखांपर्यंत जाऊ शकतो. न वापरलेली वस्तू वापरल्यासारखी लिहिणं हा यातलाच एक प्रकार आहे. वस्तू हाताळली नसेल, तर 'माहितीपत्रक आणि ग्राहकांच्या तक्रारी वाचून केलेली तुलना' असं म्हणावं. त्यात कमीपणा काही नाही.

गूगलसाठीही एक काम करावं लागतं. प्रत्येक कमिशनच्या लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' अशी खूण घालायची, म्हणजे ती पैशाची लिंक आहे हे गूगलला कळतं. ही सोय गूगलने २०१९ मध्ये आणली. वर्डप्रेसवर लिंकची मांडणी सांभाळणारी प्लगिन (जोडून घ्यायची छोटी सॉफ्टवेअर) ती आपोआप घालतात, ब्लॉगस्पॉटवर हाताने घालावी लागते. ज्या पानांवर स्वतःचं काहीच नाही, फक्त दुकानातलं वर्णन आणि लिंका आहेत, ती पानं गूगल शोधात खाली ढकलतं.

कर

कमिशन हे उत्पन्न आहे आणि विवरणपत्रात दाखवावं लागतं. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमांनुसार एका कंपनीकडून वर्षात ₹२०,००० पेक्षा जास्त कमिशन मिळालं की २ टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वजा होणारा कर, कापला जातो. पॅन दिला नसेल तर २० टक्के. कापलेली रक्कम आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसते आणि कर भरताना वजा मिळते. छोट्या व्यावसायिकांसाठीची अंदाजित नफ्याची सोय (खर्चाचा हिशोब न देता उलाढालीच्या ठरावीक टक्क्याला नफा धरण्याची) कमिशनच्या उत्पन्नाला लागू होत नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. म्हणून डोमेन, होस्टिंग, इंटरनेट, परीक्षणासाठी घेतलेल्या वस्तू, प्रवास, सगळ्यांच्या पावत्या ठेवाव्यात. हे खर्च उत्पन्नातून वजा दाखवता येतात. जीएसटी नोंदणी महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वर्षाला ₹२० लाख उलाढालीपर्यंत लागत नाही, ग्राहक कंपनी दुसऱ्या राज्यातली असली तरी. परदेशी कंपनीकडून पैसे येऊ लागले की मात्र सनदी लेखापालाला विचारूनच पुढे जावं.

कधी लिहायचं

नवा लेख शोधात वर यायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून पावसाळी बूट, बुरशी, राउटरचा यूपीएस हे लेख फेब्रुवारी-मार्चमध्ये लिहून व्हायला हवेत, पहिला पाऊस पडल्यावर नव्हे. आंब्याचं लेखन जानेवारीत. गणपतीला गावी येणारे चाकरमानी रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी काढतात आणि मखर, दिव्यांच्या माळा, प्रवासाच्या पिशव्या यांचा शोध त्याच सुमाराला सुरू होतो. त्याआधी महिनाभर ते लेख ताजे करून ठेवावेत. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, प्रत्येक जुनी लिंक उघडून पाहावी. वस्तू बंद झाली असेल तर पर्याय शोधून लिंक बदलावी. पर्याय तितका चांगला नसेल तर लिंक काढून टाकावी आणि लेखात तसं एक वाक्य घालावं.